बालकांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया आणि पनवेलचे सार्वजनिक रुग्णालय

सार्वजनिक रुग्णालयाचे नियोजन करताना सामान्यतः एक क्रम गृहीत धरला जातो. प्रथम लोकसंख्या मोजावी, तीवरून रोगाचे प्रमाण काढावे, त्या प्रमाणावरून शस्त्रक्रियांची संख्या ठरवावी आणि त्या संख्येस पुरतील इतक्या खाटा, टेबले व माणसे उपलब्ध करून द्यावीत. मोतीबिंदू, अंतर्गळ किंवा अडलेल्या बाळंतपणातील शस्त्रक्रिया यांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळ अंशी उपयोगी पडतो. बालकांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र तो दुसऱ्याच पायरीवर अडखळतो. कारण किती बालकांचे टॉन्सिल काढणे आवश्यक आहे, हा आकडा लोकसंख्येतून निघत नाही. तो बव्हंशी कोण तपासतो आणि कोणत्या कसोटीने तपासतो यावर अवलंबून असतो. पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या आणि निम्म्या नागर, निम्म्या ग्रामीण तालुक्यात ही सोय कशी उभारावी, याचा विचार या गोष्टीपासून सुरू होणे इष्ट आहे.

टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन्ही बाजूंस, पडजिभेच्या खाली असलेल्या गाठी. त्याच जातीचा मांसल भाग नाकाच्या मागे, टाळूच्या वर असतो. त्यास ॲडेनॉइड म्हणतात. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचे हे भाग बाल्यावस्थेत स्वभावतःच मोठे असतात आणि वय वाढेल तसे लहान होत जातात. तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या घशात 'गाठी मोठ्या दिसतात' एवढ्यावरून तेथे रोग आहे असे सिद्ध होत नाही. आईबापांची समजूत बहुधा याच्या उलट असते, आणि काही वेळा डॉक्टरांचीही.

एका आकड्याचा इतिहास

या विषयावरील सर्वांत बोधप्रद निरीक्षण १९३८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी तेथील शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण जिल्हावार व नगरवार तपासले. शेजारशेजारच्या, हवापाणी व राहणीमान यांत फारसा भेद नसलेल्या गावांत हे प्रमाण कितीतरी पटींनी भिन्न असल्याचे त्यांना आढळले. सुखवस्तू घरांतील मुलांवर गरीब घरांतील मुलांपेक्षा अधिक प्रमाणात शस्त्रक्रिया होत होत्या. दाटीवाटीच्या घरांत घशाचे आजार अधिक असावेत, या अपेक्षेच्या हे अगदी विरुद्ध होते. लंडनच्या उत्तरेस असलेल्या हॉर्न्से येथे १९२८ मध्ये १८६ मुलांचे टॉन्सिल काढले गेले. १९२९ मध्ये ही संख्या १२ झाली आणि पुढेही ती तशीच कमी राहिली. त्या वर्षी तेथे रोग ओसरला नव्हता, हवा पालटली नव्हती. शाळांचे वैद्यकीय अधिकारी मात्र बदलले होते.

याच सुमारास, १९३४ मध्ये, न्यूयॉर्क शहरातील एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा वृत्तांत आजही प्रत्येक नियोजकाने वाचण्यासारखा आहे. हजारपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांपुढे आणली, तेव्हा त्यांपैकी १७४ मुलांना शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचे मत पडले. ज्या २१५ मुलांना 'आवश्यक नाही' असे सांगण्यात आले, ती दुसऱ्या डॉक्टरांपुढे पाठविली. त्यांनी ९९ मुलांना शस्त्रक्रिया सुचविली. राहिलेली ११६ मुले तिसऱ्या गटाकडे गेली व त्यांतून आणखी ५१ निवडली गेली. तीन चाळण्यांतून पार पडून अखेरीस हजारांतील ६५ मुले उरली. प्रत्येक वेळी समोरच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के निवडली जात होती, मग ती मुले आधी निर्दोष ठरलेली असोत वा नसोत. डॉक्टर घसा पाहत होते हे खरे. परंतु आपल्यासमोर आलेल्यांपैकी साधारण निम्मी मुले रोगी असणार, ही धारणाही त्यांच्याबरोबर खोलीत होती.

पुढे १९७३ मध्ये जॉन वेनबर्ग व ॲलन गिटेलसोन यांनी अमेरिकेतील व्हर्माँट या लहान राज्याचे तेरा रुग्णालय-क्षेत्रांत विभाजन करून हीच तुलना केली. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण एका क्षेत्रात दर दहा हजार लोकसंख्येस वर्षाला १३, तर दुसऱ्या क्षेत्रात १५१ होते. ही आकडेवारी स्थानिक डॉक्टरांपुढे मांडून चर्चा घडवून आणल्यावर पुढील काही वर्षांत तेथील प्रमाण बरेच खाली आले. म्हणजे नुसती मोजदाद आणि परस्परांस विचारलेले प्रश्न यांनीही शस्त्रक्रियांची संख्या बदलते.

हे आकडे पनवेल तालुक्यास लावून पाहिले की त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. व्हर्माँटचे किमान प्रमाण धरले, तर वर्षाला ९७५, म्हणजे आठवड्यास सुमारे १९ शस्त्रक्रिया होतात. कमाल प्रमाण धरले, तर हीच संख्या वर्षाला ११,३२५ व आठवड्यास दोनशेहून अधिक होते. लोकसंख्येची वयोरचना येथे वेगळी आहे आणि २०११ नंतर पनवेल खूपच वाढले आहे, हे ध्यानात घेतले तरी मुख्य अडचण तशीच राहते. एका अंदाजानुसार एका शल्यकाच्या आठवड्यातील काही सत्रांत काम भागते, आणि दुसऱ्या अंदाजानुसार तालुक्यातील सर्व शस्त्रक्रियागृहे दुसरे काहीही न करता चालवावी लागतील. परक्या देशाचे प्रमाण उसने आणून पनवेलची गरज ठरविता येत नाही, आणि प्रतीक्षायादीची लांबी पाहूनही ती ठरत नाही; कारण यादीसुद्धा कोणाच्यातरी निवडीतूनच तयार झालेली असते.

पनवेलची स्थिती

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील अगदी जुन्यांपैकी एक. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या आखणीत तालुक्याचा मोठा भाग आला. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ती पहिलीच महानगरपालिका. परंतु तालुका म्हणजे केवळ ही नगरी नव्हे. नेरे, वावंजे, आपटे या गावांच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत, आणि तेथील पालकाला खारघरपेक्षा पनवेलचा बाजारच अधिक ओळखीचा असतो.

सार्वजनिक व्यवस्थेत या सर्वांसाठी पनवेल येथील उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याच्या खालच्या पायरीवर खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे व शहरात नागरी आरोग्य केंद्रे आहेत. वरच्या पायरीवर अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. ते पनवेलपासून रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटरवर. प्रत्यक्षात लोकांचा ओघ अलिबागपेक्षा मुंबईकडे अधिक वळतो. हार्बर मार्गाची गाडी धरून जे. जे. रुग्णालय गाठायचे, किंवा परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जायचे, हा परिपाठ जुना आहे. याखेरीज पनवेल-नवी मुंबई पट्ट्यात खासगी व धर्मादाय रुग्णालये पुष्कळ आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००६ पासून लागू आहे. शिवाय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत.

म्हणजे पैशाचा अडसर कागदावर तरी पुष्कळसा दूर झालेला आहे. मग प्रश्न उरतो तो असा की, कोणते मूल या सोयीपर्यंत पोहोचते? ग्लोव्हर यांचे निरीक्षण येथे पुन्हा आठवते. शहरातील नोकरदार पालक मुलाला वर्षातून चार वेळा सर्दीखोकला झाला की तज्ज्ञाकडे नेतो आणि 'काढून टाका एकदाचे' असा आग्रह धरतो. वाडीवरील मूल रात्रभर घोरते, मध्येच श्वास थांबून दचकून उठते, वर्गात पेंगते, त्याचे वजन वाढत नाही. पण घोरणे हा आजार आहे, हेच त्याच्या घरी कोणास ठाऊक नसते. पहिल्यास शस्त्रक्रियेची गरज कदाचित नसते, दुसऱ्यास ती नक्की असते. केवळ टेबलांची संख्या वाढविली, तर वाढलेली सोय पहिल्याच्या वाट्यास जाईल.

कोणाचे टॉन्सिल काढावे

या प्रश्नास आज बऱ्यापैकी निश्चित उत्तर देता येते. वारंवार घसा सुजण्याच्या बाबतीत पिट्सबर्गचे जॅक पॅराडाइझ व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली कसोटी सर्वत्र आधारभूत मानली जाते. मागील एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन वेळा घशाचा आजार झालेला असावा. त्यातही प्रत्येक वेळी ताप, गळ्यातील गाठींची सूज, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा घशातील स्रावाच्या तपासणीत विशिष्ट जंतू, यांपैकी निदान एका खुणेची नोंद हवी. या कसोटीत बसणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेचा लाभ पुढील दोन वर्षे स्पष्ट दिसला. त्याच संशोधकांनी २००२ मध्ये सौम्य आजाराच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा लाभ इतका अल्प आढळला की शस्त्रक्रियेचा धोका व त्रास पत्करणे समर्थनीय ठरेना. अशा मुलांचा आजार बहुधा वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतो.

दुसरे कारण झोपेत श्वास अडण्याचे. याविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत पाच ते नऊ वर्षे वयाची ४६४ मुले होती. सात महिन्यांनंतर झोपेच्या तपासणीचे निष्कर्ष शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांत प्राकृत झाले. नुसती वाट पाहिलेल्या मुलांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. वर्तन व एकंदर स्वास्थ्य यांतही सुधारणा दिसली. अवधानाच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. हा शेवटचा तपशील सांगणे प्रामाणिकपणाचे आहे, कारण 'टॉन्सिल काढल्यावर मूल हुशार होते' अशी आश्वासने अनेकदा दिली जातात.

ताप येऊन सांधे धरणाऱ्या व हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवातज्वराच्या भीतीनेही टॉन्सिल काढण्याची प्रथा होती. त्या रोगाच्या प्रतिबंधाचा मार्ग वेळेवर दिलेले पेनिसिलिन हा आहे. शस्त्रक्रिया त्याची जागा घेत नाही. एके काळी पोलिओची साथ चालू असता टॉन्सिल काढू नयेत असा दंडक पाळला जाई, कारण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मुलास मेंदूच्या बुंध्याचा घातक पोलिओ होण्याचा संभव अधिक असे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला आणि तो दंडकही इतिहासजमा झाला.

नोंदीचा प्रश्न

कसोटी स्पष्ट आहे. परंतु तिचा पाया नोंद हा आहे, आणि पनवेलमध्ये नियोजनाची खरी अडचण येथेच आहे. मूल आजारी पडले की पालक जवळच्या दवाखान्यात जातात. तेथे तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि कागद मिळालाच तर तो पुढच्या आजारापर्यंत टिकत नाही. पुढच्या वेळी दवाखाना दुसरा, त्यापुढे केमिस्टच्या दुकानातूनच औषध. वर्षअखेरीस तज्ज्ञाने 'किती वेळा घसा दुखला?' असे विचारले, तर आई 'सारखाच दुखतो' असे सांगते. तिचे म्हणणे खोटे नसते. पण त्यातून सात हा आकडा निघत नाही. उलट, शस्त्रक्रिया व्हावी अशी पालकांची इच्छा असेल, तर तो सहज निघतो.

या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. शाळकरी मुलांच्या तपासणीची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. बडोदे शहरात १९०९ मध्येच अशी तपासणी सुरू झाली होती आणि १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शालेय आरोग्याचा सविस्तर विचार केला होता. आज हे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. त्याचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासतात. त्यांच्या तीस विकारांच्या यादीत टॉन्सिलचे नाव नाही; परंतु कानातून पू येणे, बहिरेपणा आणि संधिवातज्वरजन्य हृदयरोग हे तिन्ही आहेत. मध्यकर्णाचा आजार व कमी ऐकू येणे यांचा ॲडेनॉइडशी संबंध असू शकतो. म्हणजे पथकातील डॉक्टर कानात पाहणारच असतात. घशात पाहणे आणि 'मूल रोज घोरते काय, झोपेत श्वास अडतो काय' हे दोन प्रश्न विचारणे, एवढीच भर हवी. मुलाच्या आरोग्यपत्रिकेत घशाच्या आजाराची तारीख, ताप व खूण यांसाठी एक रकाना ठेवला, आणि आरोग्य केंद्रातील परिचारिकेने तो भरला, तर दोन वर्षांत पनवेलला स्वतःचा आकडा मिळेल. तोपर्यंत केलेले सर्व अंदाज तात्पुरते समजावेत.

पथकाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा निर्णय देऊ नये, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांनी चिठ्ठी द्यावी ती तज्ज्ञाच्या तपासणीसाठी. न्यूयॉर्कच्या मुलांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले, तर एकाच मुलाला फिरून फिरून चाळणीतून घालण्याचा धोका ध्यानात येतो. ज्यास एकदा 'आवश्यक नाही' असे सांगितले, त्याच्या पत्रिकेवर ते कारणासह लिहून ठेवावे. नव्या आजाराच्या नोंदीवाचून ते मूल पुन्हा त्याच दारात उभे करू नये.

टेबलापेक्षा भूल

टॉन्सिलची शस्त्रक्रिया लहान समजली जाते. शल्यकाच्या दृष्टीने ती अर्ध्या-पाऊण तासाची आहे, हेही खरे. परंतु जेथे शल्यकाची हत्यारे चालतात, त्याच मार्गाने मुलाचा श्वास चालू ठेवावा लागतो. श्वासनलिकेत नळी घालणे, रक्त व लाळ तिच्या बाजूने आत उतरू न देणे, नळी काढताना घसा आवळला गेल्यास क्षणात उपाय करणे, हे सर्व भूलतज्ज्ञाचे काम आहे आणि लहान मुलांच्या भुलेचा सराव असलेल्यालाच ते साधते. तालुक्याच्या रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे भुलेचे प्रशिक्षण देण्याची केंद्र शासनाची योजना आहे. तिचा हेतू अडलेल्या बाळंतिणीचे प्राण वाचविणे हा आहे आणि त्या हेतूस ती योग्यच आहे. त्या प्रशिक्षणाच्या बळावर मुलांच्या टॉन्सिलची यादी लावणे मात्र सर्वथा अनुचित होय.

पनवेलमध्ये ही चणचण आणखी एका कारणाने भासणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, गोव्याकडे जाणारा महामार्ग पनवेलहून फुटतो, आणि त्यांवरील अपघातांचा भार या परिसरातील रुग्णालयांवर पडतो. अपघाताचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण आली की, नियोजित यादी थांबते. पहाटेपासून उपाशी ठेवलेले चार वर्षांचे मूल दुपारी परत पाठविले जाते, आणि त्याच्या बापाचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय त्या रुग्णांसाठीच राखून ठेवावे लागले, तेव्हा असे थांबणे आठवड्यांचे व महिन्यांचे झाले. जी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, तीच प्रत्येक वेळी पुढे ढकलली जाते.

म्हणून आठवड्यातील एक सकाळ, एक भूलतज्ज्ञ आणि एक टेबल केवळ बालकांच्या कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांसाठी बांधून ठेवणे हे अधिक खाटा मागण्यापेक्षा मोलाचे आहे. एका सत्रात चार मुले आणि वर्षातील ४६ आठवडे धरले, तर १८४ शस्त्रक्रिया होतात. व्हर्माँटच्या किमान प्रमाणाच्या हिशेबापुढे ही संख्या एकपंचमांशाहूनही कमी आहे. परंतु झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांना प्रथम स्थान दिले, आणि पॅराडाइझची कसोटी काटेकोर पाळली, तर सार्वजनिक रुग्णालयावर अवलंबून असलेल्या कुटुंबांसाठी आरंभ करण्यास ती पुरेशी ठरावी. तीन वर्षांखालील मुले, हृदयविकार असलेली मुले आणि ज्यांचा श्वास झोपेत अतिशय अडतो अशी मुले या यादीत घेऊ नयेत. त्यांच्यासाठी अतिदक्षता विभाग असलेले मुंबईचे रुग्णालय हीच योग्य जागा आहे, आणि तेथे जाण्याची तारीख पनवेलहूनच निश्चित करून दिली पाहिजे. नुसत्या चिठ्ठीने मूल मुंबईस पोहोचतेच असे नाही.

आठवी रात्र

शस्त्रक्रियेनंतरचा मुख्य धोका रक्तस्रावाचा. तो पहिल्या चोवीस तासांत होतो, किंवा जखमेवरची खपली सुटू लागते तेव्हा, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. इंग्लंडमध्ये २००३-०४ मध्ये ३३,९२१ रुग्णांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत रक्तस्रावाचे प्रमाण ३.५ टक्के आणि पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागण्याचे प्रमाण ०.९ टक्के आढळले. गरम उपकरणांनी टॉन्सिल काढल्यास रक्तस्राव अधिक होतो, असेही त्या पाहणीत दिसले. पनवेलच्या १८४ शस्त्रक्रियांस हे प्रमाण लावल्यास वर्षाला सहासात मुलांना रक्तस्राव होईल आणि एकदोघांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागेल. संख्या लहान आहे. पण पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात एकूण रक्तच सव्वा लिटरहून कमी असते. त्यातून दोनशे मिलिलिटर गेले, तर तो सहावा हिस्सा होतो, आणि गिळलेले रक्त पालकांस दिसतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी करणे, आदिवासी मुलांच्या बाबतीत सिकलसेलची चाचणी घेणे आणि आवश्यक तर दोनतीन महिने लोहाची औषधे देऊन मग तारीख ठरविणे हे त्यामुळे अनिवार्य ठरते.

सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी पाठविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. खारघरच्या इमारतीत राहणाऱ्या, दाराशी वाहन असलेल्या कुटुंबास ती मानवेल. वाडीवरील मुलाच्या बाबतीत पहिल्या रात्रीपेक्षा आठव्या रात्रीचा विचार करावा लागतो. त्या रात्री मुलाच्या तोंडातून रक्त आले, तर वाहन कोठून येणार, किती वेळात ते पनवेलला पोहोचणार, आणि पोहोचल्यावर तेथे भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्या मुलाची शस्त्रक्रिया पनवेलात करणे त्याच्या हिताचे नाही, मग टेबल कितीही मोकळे असो. त्यावर उपाय अवघड नाहीत. रुग्णालयाच्या आवारात किंवा शहरातील नातेवाइकांकडे दहा दिवस मुक्काम, गावातील आशा सेविकेस आधीच दिलेली सूचना, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस कळविलेली शस्त्रक्रियेची तारीख आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे त्या पंधरवड्यातील मुलांची नावे, एवढ्याने पुष्कळ साधेल. वेदनेसाठी पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन पुरेसे आहेत. कोडीनयुक्त औषध मात्र अठरा वर्षांखालील मुलांस या शस्त्रक्रियेनंतर देऊ नये; काही मुलांत त्याने श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याने २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मनाई केली. गार व मऊ पदार्थ चालतात. ऑपरेशननंतर आइस्क्रीम मिळते, ही मुलांत पसरलेली बातमी निदान खरी आहे.

दोन पंचांगे

आणखी एक बाब नियोजनाच्या कोष्टकांत सहसा येत नाही. शहरातील पालकांस शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुटीत हवी असते. शाळा बुडू नये हा त्यांचा हेतू. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये यादी फुगते आणि जूनमध्ये ओसरते. कातकरी कुटुंबांचे पंचांग वेगळे आहे. सुगी संपली की दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर दूर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत शहराची यादी भरलेली असते, त्या महिन्यांत वाडीवरील मूल तालुक्यातच नसते. आणि असले, तरी त्याच्यामागे दोन आठवडे थांबण्यास आईबापांस सवड नसते.

वाडीवरील मुलांच्या शस्त्रक्रिया पावसाळ्याच्या पूर्वार्धात लावाव्यात, तर तेथेही अडचण आहे. जून-जुलैत सर्दीखोकला पसरतो. सर्दी झालेल्या मुलास भूल देणे धोक्याचे असते म्हणून निम्म्या तारखा रद्द होतात, आणि ओढ्यांना पूर आला की वाडीची वाट बंद होते. उरतो तो भाद्रपद-आश्विनाचा काळ. पाऊस कमी झालेला असतो, कुटुंब घरी असते, शहराची यादी रिकामी असते. आठवड्याच्या त्या राखीव सकाळीपैकी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर एवढ्या दहा-बारा सकाळी वाड्यांवरील मुलांसाठी ठेवल्या, तर चाळीस-पन्नास मुलांची सोय होऊ शकेल. त्यासाठी शाळांची तपासणी जून-जुलैतच उरकावी लागेल आणि रक्तक्षयावरील उपचारही त्याच पावसाळ्यात सुरू करावे लागतील. ज्यांचे रक्त वेळेत भरून येणार नाही, त्यांची तारीख पुढच्या वर्षावर जाईल. अशा मुलांची नावे स्थलांतराच्या आधी वेगळी लिहून ठेवावी लागतील.

शहराच्या यादीलाही एक नियम लावता येण्याजोगा आहे. शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस प्रत्येक मूल पुन्हा तपासावे. सहा-आठ महिन्यांच्या प्रतीक्षेत काही मुलांचा आजार आपोआप निवळलेला असतो. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात किंवा धुळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या काहींचे नाक ॲलर्जीमुळे चोंदलेले असते आणि नाकात मारावयाच्या औषधाने ते मोकळे होते. अशी नावे यादीतून काढताना पालकांस कारण समजावून सांगावे लागेल. त्यास वेळ लागतो आणि तो वेळ बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कोणी मोजत नाही. रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात मात्र केलेल्या शस्त्रक्रियांइतक्याच ठळकपणे टाळलेल्या शस्त्रक्रियांची संख्या, रद्द झालेल्या तारखा व त्यांची कारणे, आणि चौदा दिवसांत परत आलेली मुले यांचे रकाने असावेत. मुलाचे गाव व शाळाही लिहावी. असे अहवाल तीन वर्षे हाती आल्यावर खारघर आणि नेऱ्यापलीकडील वाड्या यांच्या प्रमाणांची तुलना करता येईल, आणि दुसऱ्या सकाळीची आवश्यकता आहे किंवा काय, याचा निर्णय पनवेलच्याच आकड्यांवरून घेता येईल.